तेलकट बिलं

बिलाला केस चिकटला होता. ऑफिसचे हिशेब बघणाऱ्या ताईंनी तो चिमट्यानं उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला, नाक मुरडलं आणि बिलाचा नंबर संगणकात भरला.

मेकॅनिकची बिलं हातात आली की त्यांना किळस यायची. गावोगावी फिरून कंपनीचे पंप दुरुस्त करणारा माणूस तो. प्रवासाचं, जेवणाचं, सुट्या भागांचं, सगळं एकाच खिशात कोंबायचा. ग्रीसचे ठसे, चहाचे डाग, घामानं पसरलेली शाई. ताई एकेक बिल टोकाला धरून सुटं करत आणि मग कोपरापर्यंत हात धूत. त्यांच्याइतकं लखलखीत टेबल अख्ख्या ऑफिसात दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

मुख्य ऑफिसनं यंदा हिशेबाची नवी प्रणाली घेतली होती. वर्षभराच्या खर्चाची एक फाइल करून पाठवायची होती: तारीख, बिलाचा नंबर, खर्च कशाचा, रक्कम किती, कुणाच्या नावावर. ताई म्हणाल्या होत्या, अजून दोन दिवस लागतील. पण साहेबांना कुठला धीर? त्यांनी फाइल मागवून घेतली आणि स्वतःच नव्या प्रणालीत तपासणीला लावली.

पडद्यावर बावीस ओळी लाल झाल्या.

"लाल म्हणजे काय हो?" साहेबांनी ताईंना आत बोलावून विचारलं.

"एकच बिल दोनदा चढलंय."

"आणि दोन्ही वेळा पैसे दिलेत?"

"हो."

"बावीसच्या बावीस मेकॅनिकची?"

ताईंनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. "नाव त्यांचंच आहे."

साहेबांचं तोंड कडवट झालं. "वीस वर्षं पोसतोय आपण या माणसाला," ते म्हणाले आणि त्याला बोलावणं पाठवलं.

मेकॅनिक वर्कशॉपमधून तसाच उठून आला. त्याच्याबरोबर डिझेलचा आणि शिळ्या घामाचा वासही खोलीत आला. ताईंनी खुर्ची जरा मागे घेतली.

"साहेब, मी बिल एकदाच देतो," तो म्हणाला. "पैसेही एकदाच येतात. बँकेचं पुस्तक आणून दाखवू का?"

"तुमची खाती किती आहेत, मला काय ठाऊक?"

मेकॅनिकनं मागच्या खिशातून एक वही काढली. "ह्यात लिहिलंय सगळं. कुठलं बिल कधी दिलं, पैसे कधी मिळाले."

वही घामानं फुगली होती, पानं एकमेकांना चिकटली होती. कोपऱ्यावर काहीतरी पिवळं सांडून वाळलं होतं. बोटाला थुंकी लावून त्यानं पान उलटलं आणि उघडी वही साहेबांपुढे ठेवली. साहेबांनी ती पेनाच्या टोकानं परत ढकलली.

"उचला ते आधी."

"एकदा बघा तरी, साहेब."

"उचला म्हटलं ना."

मेकॅनिकनं वही छातीशी धरली आणि तो ताईंकडे वळला. "ताई, तुम्ही तरी सांगा. बिलं तुमच्याच हातात देतो मी. मागं तुम्ही रागावलात, तेव्हापासून पिशवीत घालून आणतो."

ताईंना त्याच्या नखांखालची काळी रेघ दिसत होती. पदर नाकाशी नेत त्या म्हणाल्या, "माझ्याकडे जे येतं, ते मी चढवते. कशा अवस्थेत येतं, ते सगळं ऑफिस बघतं."

"सहा महिन्यांनी निवृत्त होतोय हो मी. आता शेवटी शेवटी हे..."

"सहा महिने कशाला?" साहेब म्हणाले. "हत्यारं जमा करा आणि निघा."

तो गेला. दारापर्यंत जाताना दोनदा थांबला. साहेबांनी खिडकी सताड उघडली.

"शी! काय माणसं असतात," ते म्हणाले. "ताई, लाल ओळींपुढे त्याच्या नावानं वसुली लिहा आणि फाइल आजच जाऊ द्या."

ताई जागेवर येऊन बसल्या. 'वसुली' हा शब्द त्यांनी बावीस वेळा लिहिला. राहता राहिला शेवटचा रकाना, पैसे कुठल्या बँक खात्यात गेले त्याचा. नव्या प्रणालीनं तो मागितला नव्हता, म्हणून साहेबांच्या पडद्यावर तो आलाच नव्हता. ताईंनी त्यावरून एकदा वरून खाली नजर फिरवली. मेकॅनिकच्या प्रत्येक बिलाच्या पहिल्या नोंदीपुढे त्याच्या खात्याचा नंबर होता. बावीस लाल ओळींपुढे मात्र दुसराच नंबर होता, आणि सगळीकडे तोच.

त्यांनी तो रकाना फाइलमधून काढून टाकला. खातं कुणाचं, हे त्यांना शोधावं लागलं नाही; ते त्यांचं स्वतःचंच होतं.