अर्ध्यात सोडलेली ओवी

"बाई, दुसरी कंचीबी गाते. देवाची गाते, माहेराची गाते. कस्तुराची तेवढी नगं," लीलाबाई म्हणाली.

तुंगार्लीच्या तलावाजवळच्या एका बंगल्यात, दिवाणखान्याच्या मधोमध जातं मांडलं होतं. भोवती सतरंजीवर माणसं दाटीवाटीनं बसली होती. भिंतीवर कापडी फलक होता, 'काव्योपचार परिषद, १९७२'. कवितेनं माणूस बरा होतो म्हणे! कविता ऐकून माणसं जांभया देताना आपण पाहिलीत, बरी होताना काही पाहिली नाहीत. पण पुण्याहून डॉक्टर आले होते, कवी तर वेळेच्याही आधी आले होते, आणि सकाळपासून चहावर चहा चालला होता.

मळवलीच्या लीलाबाईनं परिषद हा शब्दच पहिल्यांदा ऐकला होता. परिषद भरवणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा मळवलीलाही बंगला होता, तिथं ती झाडलोट करायची. तिची मुलगी येसू बारा वर्षांची, दोन वर्षांपासून गप्प. जन्माची मुकी नव्हे हं. आधी एवढी बडबडी, की बाप हौशीराम तिला रेडिओच म्हणायचा.

मग येसूची काकी कस्तुरा विहिरीत पडली. पहाटे पाण्याला गेलेली, पाय घसरला असं पंचनाम्यात आलं. लीलाबाईच्या आरोळीनं गाव धावलं, तेव्हा येसू विहिरीच्या काठावर उभी होती, काकीचा हंडा छातीशी धरून. त्या दिवसापासून गावात कुणी तिचा शब्द ऐकला नाही. देवऋषी झाले, नवस झाले, पुण्याचे डॉक्टर झाले. हौशीराम पार खचला. पोरीनं एकदा 'बा' म्हणून हाक मारावी, एवढंच त्याचं मागणं. लीलाबाई इथं यायला तयार नव्हती. त्यानंच हातापाया पडून दोघींना धाडलं होतं.

"कस्तुराचीच हवी, लीलाबाई," डॉक्टरीणबाई समजुतीनं म्हणाल्या. "तुम्ही दोघी जावा समोरासमोर दळायच्या. तुम्ही ओवी धरायची, कस्तुरानं पुरी करायची. आणि ही काकीला चिकटून ऐकत बसायची. खरं ना?"

"व्हय."

"मग आज काकीच्या जागी ही बसेल. तुम्ही ओवी अर्ध्यात सोडायची. जात्यावर ओवी अर्धी ठेवत नाहीत, हे हिच्या अंगात मुरलंय. आत जे कोंडलंय ते आपसूक बाहेर येईल."

लीलाबाईचा जीव टांगणीला लागला. ती एकदा लेकीकडे बघे, एकदा जात्याकडे.

"आन न्हाई बोलली तर?"

"तर पुन्हा तुम्हाला कुणी त्रास देणार नाही. माझा शब्द."

लीलाबाईनं पदर खोचला. येसू समोर बसली. दोघींनी खुंटा धरला, आणि लेकीच्या हातावर लीलाबाईनं आपला हात ठेवला. "आईची माया बघा," मागून कुणीतरी कुजबुजलं. एका कवीनं तर डोळे आधीच पुसून घेतले.

जातं फिरू लागलं. तलावाकडून आलेलं धुकं खिडकीतून आत सरकत होतं. दिवसाढवळ्या खोलीत अंधारून आलं, पण दिवा लावायला कुणी उठलं नाही.

"दोघी आमी जावा, एका खुट्याला धरून
कस्तुरा गेली पान्या…"

आणि लीलाबाई थांबली. जात्याची घरघर तेवढी राहिली.

येसू आईकडे बघत नव्हती. आईच्या खांद्यामागं बघत होती, तिथं कुणी उभं असावं तशी. दोघातिघांनी माना वळवून पाहिलं. मागं धुक्याशिवाय काही नव्हतं.

तिचे ओठ हलले. गळ्यातून बारीक हुंकार निघाला, अन् खोलीतल्या सगळ्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. लीलाबाईचा चेहरा पांढराफटक पडला. तो सूर कस्तुराचा होता.

"बोल, बाळ," डॉक्टरीणबाई पुटपुटल्या. "काकी पाण्याला गेली. मग?"

लीलाबाईनं पुन्हा तीच ओळ धरली. आवाज चिरकला तरी गायली. एवढ्या गारठ्यात तिच्या कपाळावर घाम डवरला होता. येसूनं तोंड उघडलं. सारी परिषद श्वास रोखून बसली.

येसूनं तोंड मिटलं. डोळ्यांतून पाणी आलं, ते जात्याभोवतीच्या पिठात पडत राहिलं. शब्द काही आला नाही.

लीलाबाई पदरात तोंड घालून हमसून हमसून रडली. बायका भोवती जमल्या. कुणी पाणी दिलं, कुणी पाठीवरून हात फिरवला. डॉक्टरीणबाईंचंच तोंड एवढंसं झालं. त्यांनी येसूचा हात हातात घेतला, तर त्यावर बोटांचे लाल वळ.

"किती घट्ट धरलं होतंत हो हिला! आईचं काळीज," त्या म्हणाल्या. "आता नाही हो छळणार आम्ही तुम्हाला. हौशीरामांनाही मीच समजावीन."

मायलेकी तलावाकडच्या वाटेनं स्टेशनाला निघाल्या. धुकं असं, की हाताला हात दिसेना. बंगल्यातले आवाज हळूहळू मागं पडले. लीलाबाई थांबली. पुढं पाहिलं, मागं वळून पाहिलं. वाटेवर चिटपाखरू नव्हतं. मग तिनं पदरानं लेकीचं तोंड पुसलं आणि मायेनं केस सारखे केले.

"शानी माझी बाय ती. बोल आता, हितं कुनी न्हाई."

येसूनं आईचा हात घट्ट धरला. "आये, आता तरी बाशी बोलू का गं मी? काकीला तू ढकललंस त्ये न्हाई सांगनार, देवाशप्पथ."