पुढचं वजन

इंजिनिअरने दांडा हातातून सोडला, आणि तो खाली पडायच्या ऐवजी सरळ वर गेला. मोटरसायकलमागे जोडायच्या, मालाने भरलेल्या छोट्या ट्रेलरचा दांडा तो. असा हवेत उभा राहिलेला बायकोने पहिल्यांदाच पाहिला.

इंजिनिअर हे त्याचं गल्लीतलं नाव. पदवी-बिदवी काही नाही. दुकानातल्या फरश्या आणि बेसिनं गिऱ्हाइकाकडे पोचवायची, हा धंदा. पण हातात पाना आला की हा माणूस स्वस्थ बसेल तर शपथ! आठवडाभर दारात नुसती ठोकाठोक चालली होती. ट्रेलरला नव्या स्प्रिंगा आल्या, मागे लाल दिवे आले, आणि जास्त माल मावावा म्हणून त्याचा सांगाडा मागच्या बाजूने दीड फूट वाढला. चाकं मात्र होती तिथेच राहिली. ती कोण सरकवत बसणार?

"अहो, हे वर का जातंय?"

"मागे माल जास्त झालाय. त्यात काय एवढं?"

दांड्याला लोंबकळून त्याने तो खाली आणला, मोटरसायकलच्या हुकात अडकवला आणि खीळ ठोकली. तशी मोटरसायकलच मागून उचलली गेली. बायकोने गाडीच्या मागच्या चाकाला पायाने ढोसलं. चाक जमिनीला जेमतेम टेकलं होतं.

"चाक टेकतच नाहीये, तर ब्रेक काय लागणार, डोंबल! उतारावर हा ट्रेलर तुम्हाला फेकून देईल हो. ते फरश्यांचे खोके पुढे घ्या आधी."

"पुढे बेसिनं बांधलीत. सगळं सोडून परत भरायचं म्हणजे तास गेला. तिकडे कंत्राटदार माझ्या नावाने शंख करतोय." तेवढ्यात फोन वाजलाच. "निघालो, साहेब, निघालो! अर्ध्या रस्त्यात आहे," इंजिनिअर दारात उभा राहून म्हणाला.

बायकोने कपाळाला हात लावला. राग आला होता तिला, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटत होती. फरश्या पोचवायच्या त्या नव्या इमारती उताराच्या पार तळाशी होत्या. तो उतार तिने चालताना पाहिला होता. नुसतं चालतानासुद्धा पाय आपोआप पळायला लागायचे.

इतक्यात सासूबाई पिशवी घेऊन बाहेर आल्या. त्यांना लेकीकडे जायचं होतं.

"मला सोडतोस ना रे वाटेत? की तुझं हे विमान उडणार आहे?"

इंजिनिअरने आईकडे पाहिलं. सासूबाई अंगाने चांगल्या भरलेल्या. त्याचे डोळे एकदम चमकले.

"आई, तू माझ्यामागे नको बसूस. तू ट्रेलरवर बस, अगदी पुढे. त्या हत्यारांच्या पेटीवर."

"अरे, मी काय फरशी आहे?"

पण बसल्या. लेकाने हात दिला, सुनेने पेटीवर चादर घडी करून घातली. त्या टेकल्या मात्र, ट्रेलर पुढून दबला आणि मोटरसायकलचं मागचं चाक जमिनीवर पक्कं बसलं. बायकोने पुन्हा ढोसून पाहिलं. चाक तसूभरही हललं नाही.

"झालं की नाही?" इंजिनिअर म्हणाला.

"इतकी वर्षं या घरासाठी खपले," सासूबाई म्हणाल्या, "आणि शेवटी उपयोगी पडलं ते माझं वजन!"

सगळे हसले. बायकोही हसली. मग तिने सासूबाईंचे दोन्ही हात कठड्यावर नीट ठेवले आणि नवऱ्याला दम भरला, "हळू चालवा हं. आईंना सांभाळून न्या."

"आईला सांभाळणार नाही तर कुणाला?"

गाडी गल्लीतून निघाली. ट्रेलर शहाण्या मुलासारखा मागे मागे गेला, जरासुद्धा डुलला नाही. आपला माणूस अगदीच काही वेडा नाही, असं तिला वाटलं. बरं वाटलं.

ती दारातला लोखंडाचा कीस झाडायला लागली. सासूबाई एवढ्या उंचावरून उतरतील कशा, याचाच विचार मनात. नणंदेचं घर रस्त्याला लागूनच होतं, उतार सुरू व्हायच्या अगदी तोंडाशी. नणंद बाहेर येईल, हे हात देतील, सासूबाई एक पाय खाली टाकतील, मग दुसरा. आणि मग पेटीवर कुणीच नसेल.

झाडू तिथेच टाकून ती फोनकडे धावली.

तिने नवऱ्याला फोन लावला. वाजत राहिला, कुणी घेतला नाही. गाडीवर असताना फोन घ्यायचा नाही, ही शपथ तिनेच घातली होती आणि तो ती पाळत होता. तिने नणंदेला लावला. घाईत दोनदा चुकीचाच लागला.

"अगं वहिनी, आत्ता तुलाच करणार होते! आई पोचली बरं का. काय थाटात आली!"

"त्यांना थांबव! कुठे आहेत ते? धावत जा, आधी त्यांना थांबव!"

"दादाला? तो कसला थांबतोय? चहासुद्धा नको म्हणाला. आईला उतरवलं आणि गेलाच. म्हणाला, आई होती म्हणून हळू आणली गाडी. आता काळजी नाही, उतारावर वेळ भरून काढतो."