निवलेली चांदी

नागपूरच्या कॉलेजातलं किरण मोजायचं यंत्र प्राध्यापक भगवानरावांनी सुट्टीत नांदुऱ्याच्या घरी, माडीवर आणलं होतं. न्यूट्रॉन पोटात घेतलेली चांदी पायरीपायरीनं निवते आणि उतरताना किरण टाकते. त्या पायऱ्या त्यांना शोधायच्या होत्या. घरात चांदी एवढीच, बायकोच्या पायांतली जोडवी.

“नवरा जिता असताना जोडवे काढत नाहीत. मले काऊन काढाले लावले?” गोजरबाई धुसफुसल्या.

“काही होत नाही मले.”

त्यांनी जोडवी मेणाच्या ठोकळ्यात, न्यूट्रॉन सोडणाऱ्या कुपीशेजारी ठेवली. बाहेर काढून यंत्राच्या नळीजवळ धरताच किरण टिपत नळी टकटकू लागली. हळूहळू टकटक विरळ झाली, थांबली. चांदी निवली.

त्यांनी जोडवी परत केली आणि आवराआवर करायला नळी उचलली. ती पुन्हा टकटकली.

टेबलापाशी नळी गप्प. जोडव्यांपाशीही गप्प. छातीशी आणली की मात्र टकटक.

“यंत्र बिघडलं,” ते हसले. पण नळी छातीवरून काढवेना.

टकटक विरळ होऊ लागली. अगदी चांदीसारखी.

“घाल लवकर, गोजरे!”

एक जोडवं चढलं. दुसरं गोजरबाईंच्या घामेजल्या बोटांतून निसटून फळ्यांच्या फटीत गेलं.

दोन टकटकींच्या मध्ये आता त्यांचा एक पूर्ण श्वास मावत होता. मग दोन. मग ते पुढच्या टकटकीची वाट पाहू लागले.