पहिली सुई अध्यक्षाला

सुई दिसली आणि कॉटवर आडव्या झालेल्या मृण्मयीनं हात मागे ओढला. रक्तदान शिबिरात पहिली सुई नव्या अध्यक्षानं टोचून घ्यायची, ही सेवा क्लबच्या युवा शाखेची रीत. रांगेतली तीस मुलं तिच्याकडेच बघत होती. ती उठली असती, तर सगळीच पांगली असती.

तिला भाषणापासून बैठकीपर्यंत सगळं शिकवणारे देवस्थळीकाका उशाशी वाकले. “हसत राहा. अध्यक्षानं घाबरायचं नसतं.”

“पण मी घाबरलेय, काका!” ती ओरडलीच. मग तिनं डोळे घट्ट मिटले. “टोचा, सिस्टर.”

रांगेतून कुणीतरी म्हणालं, “मीपण जाम टरकलोय. माझा नंबर दुसरा.”

काका शर्टाची बाही दुमडत पुटपुटले, “बारा वर्षं शिबिरं भरवतोय. कॉटवर एकदाही झोपलो नाही. माझा हात धरशील?”