नेवरीतली मिरी

खोटं सांगत असेन तर भाट्याची खाडी आटो. नाताळच्या सकाळी आवडाबाई ताट घेऊन शेजारच्या कारमेलीनच्या दारात उभी राहिली, आणि कारमेलीननं हातच पुढं केला नाही.

कारमेलीन काळ्या लुगड्यात होती. तिचा नवरा पास्कोल पावसाळ्यात तापानं गेला, आणि दुखवट्याच्या किरिस्ताव घरात नाताळाला तळणीची कढई चढत नाही. नाहीतर दर साली तिच्या घरून आख्ख्या गल्लीत ताटं जायची. पादरी सांगायचा, बाळ येशूला जन्मायला कुणी घर दिलं नाही, गोठा मिळाला. म्हणून आज एकही दार गोडावाचून राहता कामा नये. किरिस्तावांकडे नेवऱ्या, म्हणजे त्यांच्या करंज्या, जायच्या. हिंदूंकडे केळी नि नारळ, कारण किरिस्तावाच्या चुलीवरचं तेव्हा कुणी खात नसे.

तेच कारमेलीनला सलायचं. तिची नेवरी इतकी हलकी, की वर फडकं टाकलं नाही तर वाऱ्यानं उडून किल्ल्याच्या बुरजावर जाऊन बसायची. आणि अर्ध्या गल्लीला तिची चव ठाऊक नाही.

"मी देणारी, आवडे. घेणारी नव्हे."

"दुखवट्याच्या घरी आम्ही दिवाळीचंसुद्धा नेऊन देतो गो. एक तरी मोड."

"करंज्या त्या. माझ्या नेवरीची सर नाय यायची."

"नाय तर नाय. खा, मग नावं ठेव."

नावं ठेवायलाच कारमेलीननं एक उचलली. खोबरं, गूळ, काजू. आणि घास गिळून झाल्यावर जिभेच्या मागं काळ्या मिरीचा बारीक चटका. तिनं तो ओळखला. ही मिरी ती दार लावून कुटायची. सख्ख्या बहिणीला सांगितली नव्हती, पादरीला पापं सांगताना सांगितली नव्हती.

"मिरीचं तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? तुझा घोव नि माझा घोव एका मचव्यावर. दर नाताळाला पास्कोल पुरचुंडी आणून ह्यांच्या हातात द्यायचा. म्हणायचा, माझ्या बायकोच्या हातचं चाखल्याबिगर ह्या गल्लीत कुणी मरता नये. आम्ही कवाड लावून खायचो. समोरची राही पण खायची, ती पण कवाड लावून. सगळीच खायची, बाय."

 दर साली डब्यातल्या नेवऱ्या कमी व्हायच्या नि कारमेलीन घुशींना शिव्या घालायची. पास्कोल तिच्या शेजारी बसून घुशींना तिच्याहून मोठ्या शिव्या घालायचा.

तिनं डोळ्यांना पदर लावला. मग दोन्ही हातांनी ताट घेतलं, आणि काळ्या लुगड्यातसुद्धा ती लाटसाहेबाच्या मडमेसारखी ताठ झाली.

सगळं खरं. डोळ्यांना लावलेला पदर तेवढा मी पदरचा घातलेला. ती रडणारी बाई नव्हेच. तिनं हातातली करंजी संपवली, बोटं चाटली, आणि म्हणाली, "मिरी जाड राहिली. पुढल्या नाताळाला माझ्या चुलीशी येऊन बस, शिकवते. राहीलाही आण. आणि येताना गल्लीतनं हाका मारत या."