पहिली करंगळी
गटाराच्या पाण्यात पोलिओचा विषाणू सापडला. निवृत्त परिचारिका आई पुन्हा लसीचा डबा घेऊन निघाली. डोस घेतलेल्या बाळाच्या करंगळीला लावतात ती शाई दर मोहिमेत आधी लेकीला लागायची. “चाळिशी उलटली माझी, पुरे हा पोरखेळ!” कुबडी सावरत लेकीने हात मागे घेतला. “पारा चढला बाईसाहेबांचा,” आई हसली. लेक तान्ही असताना डोसवाले आले, तेव्हा घराला कुलूप होतं. हे शल्य आईने जन्मभर जपलं. त्या दुपारी एका कुलूपबंद घरासाठी ती तिसऱ्यांदा चार मजले चढली आणि जिन्यातच कोसळली. शववाहिका दारात आली तरी लेक आईचा वाळलेला मार्कर करंगळीवर वेड्यासारखी घासत होती. शेवटी तो दातांनीच फोडला. एक थेंब उतरला. बोट आईसमोर धरून म्हणाली, “बघ, लागली शाई. आई, तुझी चूक नव्हती गं.”