एकदा नाव घे गो

लग्नातल्या उखाण्यानंतर द्वारकाने नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. एक्कावन्न साली जामसंड्यात मतदारयादीवाला दारात आला आणि त्याने नवऱ्याचं नाव विचारलं, तेव्हा तिने गडग्यापलीकडच्या शेजारणीला हाक मारली, "शेवंते, ह्यांका नाव सांग गो!" देवळातल्या भजनात 'सदाशिव' आला की ती तेवढ्यापुरते ओठ मिटून घ्यायची. सदाशिव मास्तर हसायचे. "एकदा तरी माजां नाव घे गो," म्हणायचे, आणि ती पदर तोंडाला लावून आत पळायची.

त्याला आता बारा वर्षं झाली. हल्ली द्वारकाला काही आठवत नाही. चुलीवर भात ठेवलेला विसरते, लेक कुठल्या गावात दिली तेही विसरते. मास्तर स्वतःच भात रांधतात, तिची वेणी घालायलासुद्धा शिकलेत.

काल ते बाजारातून आले, तर द्वारका लुगड्यांचं गाठोडं काखेत मारून दारापुढच्या खळ्यात उभी. त्यांना बघून तिने पदर सावरला.

"ओ, ह्यां घर सदाशिव मास्तरांचां," ती म्हणाली. "माका बांद्याक माज्या बापाच्या घराक जावचां आसा. वाट दाखवशात?"



मास्तरांनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि हळूच विचारलं, "कोणाचां घर म्हणालात, बाई? परत एकदा सांगा."